अंतराळातला नाणेघाट

मी एक साम्राज्य वसवलं होतं. हसू नका. ज्या काळात गुडगावात जो उठेल तो मोहरीचं शेत विकत घेऊन त्यावर शहर वसवत होता, त्या काळात मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटता लाटता सूर्यमालेच्या पलीकडे एक अख्खं साम्राज्य वसवलं, तर कुणाच्या बापाचं काय गेलं? उलट माझ्या साम्राज्यात नळाला पाणी होतं. गुडगावात ते नव्हतं.

पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नका, आता माझं मलाही सांगता येत नाही.

नव्वदीची ती वर्षं. देश मोकळा झाला होता, म्हणजे दुकानांत परदेशी चॉकलेटं आली होती आणि नवऱ्याच्या कंपनीने त्याला पुण्याहून उचलून दिल्लीच्या हद्दीबाहेर आणून टाकलं होतं. त्याच्यामागोमाग मी, मुलगी आणि पुरणयंत्र. गुडगाव तेव्हा धड गाव नव्हतं आणि शहर तर नव्हतंच. रस्त्याच्या एका बाजूला काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला नीलगायींचा कळप. काचेत आपलं प्रतिबिंब बघून नीलगायी बिथरायच्या. एक तर मी चक्क आमच्या लिफ्टसमोर उभी असलेली पाहिली आहे. लिफ्ट बंद होती, म्हणून कंटाळून परत गेली.

पण गेट! आमच्या सोसायटीच्या गेटवर बिल्डरने रोम उभं केलं होतं. दोन मजली उंच गोल खांब, त्यांच्यावर सिंह, सिंहांना आमच्या वॉचमनसारख्या मिशा. सगळं प्लास्टर ऑफ पॅरिसचं. प्रत्येक टॉवरला एकेका रोमन सम्राटाचं नाव. आम्ही ज्याच्या टॉवरमध्ये राहत होतो त्याने म्हणे स्वतःच्या आईला मारून टाकलं होतं. जुन्नरला माझ्या आईला पत्ता लिहून पाठवला तेव्हा ही माहिती मी कळवली नाही.

मी तेव्हा विज्ञानकथा लिहायचे, दिवाळी अंकांसाठी. छापून आली की नवरा कौतुकाने चाळायचा आणि म्हणायचा, "छान आहे. यान कुठे उतरतं ते मात्र कळलं नाही." केबल टीव्ही नुकताच आला होता आणि मी अभ्यास म्हणून दुपारभर परदेशी अंतराळमालिका बघत बसायचे. बघता बघता एक गोष्ट डोक्यात गेली. माणूस कुठल्याही आकाशगंगेत गेला तरी जातो रोममध्येच. तेच सिनेट, तेच लाल झगे, त्याच सैन्याच्या तुकड्या, फक्त भाल्याच्या टोकातून उजेड निघतो. अरे, एवढं मोठं अंतराळ, आणि तुम्हाला साम्राज्य एकच सुचतं? आणि तेच आमच्या गेटवरही?

मला दुसरं ठाऊक होतं. शाळेत असताना आमची सहल नाणेघाटात जायची. कोकणातून वर येणारी सातवाहनांच्या काळची ती वाट. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, माझ्यासारखी अख्खी मुलगी आत बसेल एवढा. येणारेजाणारे व्यापारी त्यात जकात टाकायचे असं सांगतात. शेजारच्या लेण्यात एका राणीने भिंतभर लेख कोरवून घेतलेला आहे. आणि समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. होत्या म्हणायचं कारण आता त्यांची नुसती पावलं उरली आहेत.

"बाई, बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं होतं.

"काळाच्या ओघात नष्ट झाले," बाई म्हणाल्या.

मला हे मुळीच पटलं नाही. नष्ट व्हायचं तर पावलंसुद्धा गेली असती. पावलं ठेवून गेले, म्हणजे वर गेले, घाईत गेले. सरळ छत फोडून. (छताला भोक नव्हतं हे मी बघितलं होतं, पण त्याकडे दुर्लक्ष केलं.) माझी पहिली विज्ञानकथा ती. वय वर्षं नऊ.

तर माझं अंतराळातलं साम्राज्य सातवाहनांचं होतं. रोमसारखं चढाई करत सुटणारं नाही. घाट राखणारं. दोन ताऱ्यांच्या मधे एक खिंड, खिंडीच्या तोंडाशी रांजण, आणि विश्वातल्या कुणालाही पलीकडे जायचं तर आधी रांजणात जकात. आणि तिथल्या सम्राटांच्या नावात पहिलं नाव आईचं. हे मी मनचं घातलेलं नाही हो, सातवाहन राजे आपल्याला अमुक आईचा पुत्र म्हणवून घ्यायचेच. आईला मारणाऱ्याच्या टॉवरमध्ये राहून मी हे लिहीत होते, याची मजा मला भारी वाटायची.

याचं नाटक करायचं ठरलं ते मुलीमुळे. ती पाचवीत होती. दिल्लीकडे कुणालाही कळलं की आपण मराठी, की समोरचा माणूस एकच गोष्ट बोलतो. टॅक्सीवाला, डॉक्टर, शाळेतली मुलं, कुणीही. खालच्या मजल्यावरच्या आंटीजी तर माहेरच्या पानिपतच्याच. तिथे त्यांच्या भावाचे माग होते. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा आनंदाने म्हणाल्या, "अच्छा, मराठे! आप लोग तो हमारे यहाँ आके हारे थे ना?" जणू आम्ही त्यांच्या घरी चहाला जाऊन कप फोडला होता.

एक दिवस मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, आपण लूजर्स आहोत का?"

"कोण म्हणालं?"

"सगळे. मी म्हटलं आमचा पण एम्पायर होता, तर म्हणाले, हाँ हाँ, पानीपत तक."

मी त्या क्षणी ठरवलं. आमच्या सेक्टरांतल्या मराठी कुटुंबांनी त्या वर्षी स्वतःचा गणपती बसवायचं ठरवलं होतं, जुन्या दिल्लीकर मंडळांत जाऊन मागच्या खुर्च्यांवर बसायचा कंटाळा आला म्हणून. गणपती म्हटला की नाटक आलंच. माझं नाटक होईल, सम्राट माझी मुलगी होईल, आणि ते हाँ हाँ म्हणणारे सगळे पहिल्या रांगेत बसून बघतील.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत होते. बोलताना हाताने हवेत आलेख काढायचे. संहिता वाचून म्हणाले, "वहिनी, अंतराळ उत्तम. बच्चेकंपनी खूष. पण सातवाहन कोण ओळखतं इथे?"

"म्हणूनच दाखवायचे ना."

"नाही, बघा, लॉजिक असं आहे. मैदान बिल्डरचं, जनरेटर बिल्डरचा, चीफ गेस्ट बिल्डर. आपण रोमन एम्पायर करू या. गेटवर खांब आहेतच, बॅकड्रॉप फुकट. कपड्यांना पांढऱ्या चादरी."

"रोम नाटकात आहेच की! दुसऱ्या प्रवेशात रोमचा राजदूत येतो."

"येतो, पण रांगेत उभा राहतो, वहिनी."

"मग? मिरी घ्यायला यायचा तो आपल्याकडे, कापड घ्यायला यायचा. गिऱ्हाईक होता. गिऱ्हाईक रांगेतच उभं राहतं."

"बरं, रोम नको तर बाकीची मंडळं करतात ते नेहमीचं पानिपत करू. ट्राइड अँड टेस्टेड."

"अध्यक्ष, दिल्लीत येऊन दरवर्षी स्वतःच्या पराभवाचं नाटक तिकीट न लावता दाखवणारे आपण पहिलेच असू."

त्यांनी हवेत एक उतरता आलेख काढला. "ठीक आहे. करा तुमचं. पण पडलं, तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. ऑर्केस्ट्रा आणायचा. आणि राजदूताचं काम मी करणार."

मी म्हटलं, "मंजूर." मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे. तो मोठ्या मनाचा नव्हता, त्याला फक्त चादर नेसायची होती.

बाकीचे नट मी दिल्लीतल्या मुनिरक्याहून आणले. तिथे खोल्या घेऊन आपल्याकडची मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत असत. त्यांना फक्त सांगायचं, तालमीनंतर वरणभात आहे. भुकेल्या टोळधाडीसारखी बस पकडून यायची. एकदा त्यांनी इतका भात खाल्ला की हरियाणात तांदळाचा भाव वाढला. त्यातला एक पैठणचा होता. सातवाहनांची राजधानी म्हणजे त्याचंच गाव, त्यामुळे तो प्रत्येक प्रवेशात नाक खुपसायचा.

"काकू, राजधानी कोणत्या ग्रहावर धरली तुम्ही?"

"ताई म्हण. तिसऱ्या."

"पहिल्यावर घ्या की! एवढं बी नाही व्हय आमच्या गावासाठी?"

मुलीची अडचण निराळीच होती. तिला तालमीत शब्द अडायचे. "आई, रांजण म्हणजे काय?"

"मटक्याचा खापरपणजोबा."

"मग मटकाच म्हणू ना."

"सम्राटाच्या दारात मटका नसतो गं."

रांजण म्हणून आम्ही गच्चीवरची पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी खाली आणली. गुडगावात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर एक असायचीच. तिला मातीचा लेप दिला, तर इतकी हुबेहूब दिसायला लागली की टँकरवाल्याने सवयीने तिच्यात पाणी सोडलं.

आता कपडे. नवरा आणि पैठणचा, दोघांना जुन्या दिल्लीतल्या कपडेपटवाल्याकडे पाठवलं. हातात मी काढलेलं चित्र दिलं. लेण्यांतल्या दगडी जोडप्यांचं असतं तसं: उघडी छाती, जाडजूड दागिने, डोक्याला फेटा आणि कपाळाच्या वर त्या फेट्याचाच मोठा गोळा. प्रयोगाच्या दिवशी सकाळी ट्रंका आल्या. पहिली उघडली आणि आतून दहा तोंडं माझ्याकडे बघून हसली.

दहा! लाल ओठ, वळलेल्या मिशा, सोनेरी मुकुट. दुसऱ्या ट्रंकेत राक्षसांचे सुळे, तिसरीत गदा.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

नवरा म्हणाला, "चित्र घरीच राहिलं होतं. मग सांगितलं, पुराने ज़माने का राजा चाहिए. तो म्हणाला, कहाँ का? आम्ही म्हटलं, दक्षिण का. बहुत बड़ा सम्राट. तो म्हणाला, समझ गया, टॉप का माल दूँगा."

पैठणचा खाली बघून म्हणाला, "तवाच शंका आली हुती, काकू. तो लई खूष झाला हुता."

रामलीला तोंडावर आलेली, आणि हे दोघे शहाणे दिल्लीतल्या रामलीलेच्या दुकानात जाऊन दक्षिणेचा सम्राट मागतात! त्या दुकानदाराच्या जगात विंध्याच्या खाली एकच राजा होता, आणि त्याला दहा डोकी होती. त्याचा काय दोष? त्याने लंका अख्खी पाठवली होती.

बातमी अध्यक्षांकडे माझ्याआधी पोचली. खांद्यावर पांढऱ्या चादरींची चळत घेऊन हजर. "वहिनी, देव पाठीशी आहे. सगळ्यांना चादरी गुंडाळू. संवाद तेच, फक्त सातवाहनच्या जागी रोम म्हणायचं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मुलीला कळेल," मी म्हटलं.

"लहान आहे हो ती."

ती लहान मुलगी जिन्यात उभी होती. हातात एक सुटलेलं डोकं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे रोमच काय, खुद्द दिल्लीचं तख्त असतं तरी मी चादर नेसवली नसती.

मी ओरडले. असं म्हणतात की माझं ओरडणं द्वारकेपर्यंत ऐकू गेलं. खालच्या मजल्यावर तर नक्कीच गेलं, कारण आंटीजी धापा टाकत वर आल्या. सगळं ऐकून घेतलं, दहा तोंडांना एकदा नमस्कार केला आणि म्हणाल्या, "पगड़ी ही तो चाहिए? कितनी?"

त्यांच्या घरात माहेरहून आलेले खेस होते, म्हणजे तिकडच्या जाड सुती चादरी. निळे, तांबडे, चौकडीचे, पलंगाखाली, माळ्यावर, पाहुण्यांच्या खोलीत छतापर्यंत. ते वर आले. मुनिरक्याची पोरं कामाला लागली. पण खेस इतका जाड की त्याचा फेटा बसेना, सारखा उसळून कपाळावर यायचा. शेवटी पैठणच्याने वैतागून उरलेलं सगळं कापड पुढे घेऊन एक गठ्ठा बांधला, आणि मी बघतच राहिले. कपाळावर गोळा! लेण्यातला दगडी माणूस जिवंत होऊन माझ्या हॉलमध्ये उभा होता.

आंटीजी पोरांकडे बघत म्हणाल्या, "ले, सारे मराठे पानीपत सिर पे लेके खड़े हैं."

"यंदा न लढताच जिंकलं, आंटीजी," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो अजून दुखतो.

राहिली ती दहा डोकी. ती परत पाठवायला वेळ नव्हता आणि टाकून द्यायला मन होईना. मी ती सुटी केली आणि रंगमंचाच्या वर दोरीला टांगली. दहा ग्रहांवरचे दहा सुभेदार, स्वतः न येता लहरींवरून दरबारात हजर राहणारे. नुसती डोकी, धड नाही. तेव्हा सगळे हसले होते. आज घराघरांत संगणकावर तशीच नुसती डोकी बैठकीला बसतात, पण मला कुणी पेटंट दिलं नाही.

संध्याकाळी मैदान भरलं. मराठी कमी, बाकीचे जास्त. पहिल्या रांगेत बिल्डर, त्याच्या मागे मुलीच्या वर्गातली हाँ हाँ मंडळी. पडदा उघडला. वर दहा डोकी, खाली लेप दिलेला रांजण, पोरांच्या डोक्यावर पानिपत, आणि मधे सिंहासनावर माझी लेक. एवढी बारकी आणि फेटा एवढा मोठा, की लांबून फेटाच राज्य करतोय असं वाटत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, रामलीला शुरू हो गई क्या?" हशा पिकला. पहिला प्रवेश त्या हशातच गेला.

दुसऱ्या प्रवेशाला अध्यक्ष आले. पांढरी चादर, डोक्यावर पानांचं वेटोळं. बिल्डरने ओळखलं आणि टाळी वाजवली. "अरे वाह, रोमन!" त्या टाळीने अध्यक्ष फुगले. त्यांनी रांग मोडली, रांजणाला वळसा घातला आणि थेट सिंहासनापुढे जाऊन संहितेत नसलेलंच बोलायला लागले. तेही हिंदीत, बिल्डरला कळावं म्हणून.

"मैं रोम से आया हूँ! सारे ब्रह्मांड में एक ही साम्राज्य है! तुम्हारा नाम किसने सुना है? बोलो, तुम्हारे पिता का नाम क्या है?"

मुलीने पाठ केलेल्या संवादांत हा प्रश्नच नव्हता. विंगेतून मी बोटं नाचवली, पैठणच्याने ओठ हलवले, टांगलेली डोकीसुद्धा वाऱ्याने हलली. मागची मुलं खिदळायला लागली. मला ऑर्केस्ट्रा ऐकू यायला लागला होता.

आणि मग ती उठली. फेटा सावरला. आधी माझं नाव घेतलं, खणखणीत, आणि पुढे म्हणाली, "...तिची मुलगी. आमच्याकडे आधी आईचं नाव सांगतात. और आप लाइन तोड़ के आए हैं, अंकल. पीछे जाइए. आधी रांजणात जकात टाका. मग बोला."

मग पैठणच्याने भाला आपटला आणि पोरं ओरडली, "रांगेत! रांगेत!" मैदानातून कुणीतरी ओरडलं, "लाइन में आओ जी!" आंटीजींचा आवाज होता तो. आणि मग सगळंच मैदान. टँकरपुढे, दुधाच्या केंद्रापुढे, टेलिफोनच्या अर्जापुढे वर्षानुवर्षं उभे राहिलेले ते लोक. रांग मोडणारा माणूस त्यांना कुठल्याही ग्रहावर ओळखू आला असता. "लाइन में आओ! लाइन में आओ!" बिल्डरसुद्धा ओरडत होता. आणि रोमचं साम्राज्य, चादर एका हाताने धरून, मुकाट्याने मागे गेलं, पोरांच्या शेवटी उभं राहिलं आणि आपली पाळी आल्यावर त्या टाकीत जकात टाकून आलं. आत टँकरचं पाणी उरलेलं होतं. डुबुक असा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न टाकताच म्हणाली, "सगळे विचारतायत, तो रांजण कुठे आहे खरा."

"मग?"

"सांगितलं, आमच्या आजोळी. आणि पावलं आहेत ते पण सांगितलं. बाकीचे स्पेसमध्ये गेले, असं सांगितलं. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! तसंच झालं आहे."

गेटवरच्या सिंहांच्या मिशा पहिल्याच पावसाळ्यात गळाल्या. नंतर खांबांचं प्लास्टर गेलं आणि आत पोकळ लोखंडी जाळी निघाली. तिच्यात कबुतरांनी घरं केली. टाकी मात्र गच्चीवर परत चढली ती तशीच, मातीच्या लेपासकट. आम्ही ते घर सोडेपर्यंत सगळा टॉवर त्या रांजणातलं पाणी प्यायला.

पुढच्या गणपतीच्या आधी दाराची बेल वाजली. अध्यक्ष. हातात घडी केलेली पांढरी चादर, इस्त्री करून आणलेली.

"वहिनी," ते घसा साफ करत म्हणाले, "यंदा रोमला काय काम आहे?"

मी पोळी उलटली. "तेच," म्हटलं. "पण यंदा रांग मोठी आहे."